फणीची बिस्किटं

शपथ वाहू नये असं शास्त्रात लिहिलंय, मला ठाऊक आहे. तरी वाहते. भर मंडळीत, बायबलवर उजवा हात ठेवून, मोठ्यांदा सांगते: यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी शब्द खोटा निघाला तर यंदाचा माझा केक मधोमध बसो, आणि तो बसलेला केक अख्ख्या आळीला दिसो. याच्यापेक्षा मोठी शपथ आमच्यात नाही.

तर, घूस.

"घूस?" बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हो," मी म्हटलं. "मांजराएवढी. मी या डोळ्यांनी बघितली. उतरंडीच्या मागनं आली, डब्याचं झाकण पुढच्या पायांनी उघडलं, फणी तोंडात धरली आणि निघाली. जाताना मोरीपाशी थांबली, दोन पायांवर उभी राहिली, आणि फणीनं मिशा विंचरल्या."

"मिशा विंचरल्या."

"आधी डावीकडच्या. मग उजवीकडच्या."

माझा भाऊ बन्या तेव्हा पाच वर्षांचा. तो तोंडात घातलेलं बोट बाहेर काढायचंच विसरला. आणि चुलीपाशी बसलेली ती बाई एकदम फस्सकन हसली.

मी तिच्याकडे बघितलं नाही. मी तिच्याकडे बघतच नसे.

ती बाई म्हणजे मनोरमा. जालन्याची. आमची आई फेब्रुवारीत विषमज्वरानं गेली, आणि ऑक्टोबरात बाबा जालन्याला जाऊन हिला लग्न करून घेऊन आले. आम्ही तेव्हा नेवाशाजवळच्या एका खेड्यात राहायचो. बाबा शाळामास्तर. चर्चच्या मागं दोन खोल्यांचं घर होतं, पुढं अंगण, मागं मोरी, आणि मोरीचं पाणी जायचं तिथं केळीचं बन. बन म्हणजे आपली चार केळी. पण एकदा त्यातल्या एका घडाला एकशेनव्वद केळी लागली होती. खोटं वाटत असेल तर तेव्हाच्या पाळकांना विचारा. ते वारले, ही गोष्ट वेगळी.

बन्यानं त्या बाईला पहिल्याच आठवड्यात आई म्हणायला सुरुवात केली. लहान होतं ते, जो भरवील त्याचं. मी दहा वर्षांची. मी तिला काहीच म्हणत नसे. आई नाही, मावशी नाही, अहो नाही, अगं नाही. बोलायची वेळच आली तर बन्यामार्फत बोलायचे.

"बन्या, त्यांना सांग मला आणखी भाकरी नको."

ती माझ्यापासून हातभर लांब बसलेली असायची. ती म्हणायची, "बन्या, तुझ्या ताईला सांग, अर्धीच घे, दूध आहे."

"बन्या, त्यांना सांग, नको म्हटलं की नको."

बन्या बिचारा दोघींकडे आळीपाळीनं बघायचा आणि मधल्यामधे ती अर्धी भाकरी स्वतः खायचा. त्या तीन महिन्यांत पोरगं चांगलं गोलमटोल झालं.

आता फणीचं सांगते. आमच्याकडे नाताळला बिस्किटं व्हायची ती आईच्या हातची, फणीची. मैदा, पिठीसाखर, तूप, वेलची, चिमूटभर सोडा. पीठ मळलं की सुपारीएवढी गोळी करायची, लाकडी फणीवर ठेवायची आणि अंगठ्यानं दाबून पुढं सारायची. गोळीवर फणीच्या दातांच्या रेघा उठतात, बारीक बारीक, नांगरलेल्या रानासारख्या. मग ताटलीत मांडून भट्टीत. आमची भट्टी म्हणजे रॉकेलचा रिकामा डबा, आडवा टाकलेला, आत दोन बोटं वाळू, खाली निखारे, वर पत्र्यावर निखारे. आईला त्या डब्याच्या पत्र्याला कान लावून कळायचं बिस्किटं झाली का ते. म्हणायची, "बोलायची थांबली. काढा."

ही फणी वेगळी ठेवलेली असायची. केसांना कधी लावायची नाही. वर्षातून एकदा बाहेर यायची, नाताळच्या आदल्या दिवशी, आणि परत कागदात गुंडाळून पत्र्याच्या छोट्या डब्यात, उतरंडीच्या मागं. सुया-पोत-फण्या विकणारी बाई दारावर आली होती तेव्हा आईनं एकदम दोन फण्या घेतल्या होत्या, सारख्याला सारख्या. एक बिस्किटांना, एक स्वतःच्या केसांना.

केसांच्या फणीचे मधले दोन दात महिन्याभरात मोडले. मोडणारच. आईचे केस इतके कुरळे होते, इतके कुरळे होते, की एकदा तिच्या अंबाड्यात चिमणीनं घरटं केलं आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत आईला पत्ता नव्हता. आईच सांगायची. म्हणजे खरंच असणार.

ती गेली तेव्हा, विषमज्वराचं घर म्हणून, लोकांनी तिची लुगडी जाळली, गोधडी जाळली, उशी जाळली. केसांची फणी माझ्या परकराच्या खिशात होती. कुणी मला विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही. तिच्यात आईचे केस अडकलेले होते. सात. रोज शाळेतून आले की मी ती काढायचे, नाकाला लावायचे आणि परत ठेवायचे. खोबरेल तेलाचा वास येत होता. पावसाळ्यात कमी झाला. दिवाळीपर्यंत फार जोरात हुंगावं लागायचं.

आणि डिसेंबर लागल्यावर एके दिवशी ती बाई बन्याला म्हणताना मी ऐकलं, "यंदा आपण बिस्किटं करायची हं. तुमच्या घरी कशी करतात?"

"फणीची!" बन्या म्हणाला.

त्याच दुपारी मी डब्यातून बिस्किटांची फणी काढली, रुमालात गुंडाळली आणि केळीच्या बुंध्याशी खोल पुरून टाकली. आईची बिस्किटं त्या बाईच्या हातून व्हायची नव्हती. बस्स. आणि डबा रिकामा झाला तसा मला एक विचार सुचला, मला वाटलं फार हुशारीचा. आईच्या केसांची फणी कागदात गुंडाळून मी त्या डब्यात ठेवली. घूस फणी घेऊन गेली म्हटल्यावर रिकामा डबा कोण उघडून बघणार?

म्हणून ती घूस. नाताळ दोन दिवसांवर आला, ती बाई फणी मागायला लागली, आणि घूस उभी राहिली दोन पायांवर.

"बरं," ती बाई डोळे पुसत म्हणाली. हसून हसून पाणी आलं होतं. "बन्या, तुझ्या ताईला सांग, घूस काय तेल लावत होती का मिशांना, तेवढं बघून ठेव पुढच्या वेळी."

मला हसू आलं. मी ते गिळलं. फार कडू लागलं.

चोवीस तारखेला दुपारी मी चर्चमध्ये नाटकाच्या तालमीला गेले. मला मेंढीचं काम होतं. तीन मेंढ्यांमधली तिसरी. त्या वर्षी मी असं काही बें केलं होतं की रस्त्यानं जाणारा एक धनगर आत येऊन स्वतःचा कळप मोजायला लागला. असो.

मी तिकडे बें बें करत असताना घरी काय झालं ते मला पुढं सगुणाकाकूनं सांगितलं. सगुणाकाकू आमची शेजारीण. तंबाखूची मिसरी लावत दारात येऊन बसली होती.

"काय गं मास्तरीणबाई, तोंड का उतरलंय?"

"पोरांना फणीची बिस्किटं हवीत काकू. आणि फणी म्हणे घुशीनं नेली."

"कोन म्हनलं?"

"इस्तू."

"आगं बया! त्या पोरीच्या जिभेला हाड हाय का? परवा मला म्हनली, तुमची म्हैस चर्चात जाऊन बसली हुती, पहिल्या बाकावर. म्या खरंच पळत गेले की." काकू थुंकून आली आणि म्हणाली, "पोरांची आई हन्नाबाई ती फणी कागदात गुंडाळून डब्यात ठिवायची. उतरंडीच्या मागं. बघ तरी उघडून."

ती बाई उठली. डबा काढला. उघडला. कागद, आणि कागदात फणी.

काकू सांगायची, "अशी नाचली गं ती! लहान पोरीवानी. म्हनली, लबाड कुठली, माझी गंमत केली तिनं, काकू! तिनं माझी गंमत केली! जशी काय कुनी साडीच दिली."

मी परत आले तेव्हा ऊन कलत होतं. अंगणाच्या तोंडाशीच वास आला. वेलची, तूप, आणि तापलेल्या वाळूचा तो एक भाजका वास. मी उभीच राहिले. वर्षभरात तो वास आला नव्हता.

बन्या धावत आला, दोन्ही गालांत बिस्किटं. "इस्तूताई! आईची बिस्किटं! थेट आईची!"

आत रॉकेलच्या डब्यापाशी ती बाई मांडी घालून बसली होती. तोंड निखाऱ्यांनी लाल झालेलं, नाकाला मैदा. समोर परातीत बिस्किटं निवत होती, शंभरेक.  माझ्याकडे बघून तिनं परात जराशी पुढं सारली.

मी एक उचललं. तोंडात टाकलं.

जमलं होतं. सगळं जमलं होतं. जिभेवर ठेवलं की आधी काही नाही, मग एकदम विरघळतं, ते सगळं तसंच. क्षणभर मला इतकं बरं वाटलं की मी तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. तिच्या उजव्या भुवईत एक पांढरा वण होता. तीन महिने एका घरात राहून मला तो माहीत नव्हता.

मग मी दुसरं उचललं आणि खायच्या आधी त्याच्यावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. बारीक रेघ, बारीक रेघ, बारीक रेघ. मग मधे गुळगुळीत. मग परत रेघा.

तिसरं बघितलं. मधे गुळगुळीत. चौथं. पाचवं.

दोन दातांएवढी जागा. प्रत्येक बिस्किटावर.

"फणी कुठंय?" मी म्हटलं. बन्याला नाही, तिला.

मी आपल्याशी बोलले म्हणून तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "ही काय! डब्यातच होती की गं, लबाडे. तुझी घूस! चांगली सोड्याच्या पाण्यात उकळून घेतली. कुणीतरी डोकं विंचरलं होतं बघ तिनं, केस अडकले होते, ते सगळे..."

ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघून थांबली.

"कुठं टाकले?"

"इस्तू..."

"कुठं टाकले?"

"पाण्याबरोबर," ती म्हणाली. "मागं. मोरीत."

फणी चुलीच्या कडेला वाळत होती. मी उचलून नाकाला लावली. सोड्याचा वास. लाकडाचा वास. स्वच्छ, कोरी, पांढरी पडलेली. दातांमधून पलीकडचं सगळं दिसत होतं.

मी परात उलटी केली. मग बिस्किटांवर उभी राहिले आणि नाचले. त्यांचा चुरा झाला तरी थांबले नाही. बन्या भोकाड पसरून रडायला लागला, आणि बाबा आले.

"अन्नावर पाय?" बाबांनी आयुष्यात मला कधी मारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचा हात वर गेला.

तो खाली आला नाही. त्या बाईनं मनगट धरलं होतं.

"तिला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

"कसली चूक? एवढं खपून केलंस, आणि हिनं..."

"माझी आहे म्हटलं ना. तुम्ही बन्याला बाहेर न्या."

मी आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. खिडकी मागच्या बाजूला होती. थोड्या वेळानं बाहेरून आवाज यायला लागला. खसक, खसक, खसक. मला कळेना कसला. मग कळलं. पीठ चाळायची चाळणी.

"अगं, काय करतेस तिथं?" बाबांचा आवाज.

"काही नाही. केळीला माती लावते."

"नाताळच्या आदल्या संध्याकाळी?"

"केळीला नाताळ कळतो का?"

खसक, खसक. मी उठून खिडकीच्या फटीतून बघितलं. ती मोरीच्या चिखलात उकिडवी बसली होती. पदर कमरेला खोचलेला. ओंजळीनं चिखल घेत होती, चाळणीत टाकत होती, तांब्यानं वर पाणी ओतत होती आणि चाळणी डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. मग पुढची ओंजळ. मोरीपासून केळीकडे, ओंजळ ओंजळ, जसं पाणी गेलं असेल तशी ती सरकत होती.

आणि मग माझं लक्ष केळीकडे गेलं. तिच्या बुंध्याशी काय पुरलंय ते मला माहीत होतं.

ओरडून सांगावं, नका तिथं जाऊ. पण सांगायचं काय? मी फट घट्ट धरून उभी राहिले. ती पहिल्या केळीशी पोहोचली. चाळणी थांबली. तिनं हाताने उकरलं. रुमाल बाहेर ओढला. उलगडला. सगळे दात शाबूत असलेली फणी.

ती फणी हातात घेऊन बसून राहिली. खूप वेळ. मला तिची पाठ तेवढी दिसत होती. मी वाट बघत होते की ती आता उठेल, बाबांकडे जाईल, म्हणेल, बघा तुमची पोरगी.

खसक, खसक, खसक.

तिनं परत चाळायला सुरुवात केली होती.

सकाळी चर्चची पहिली घंटा झाली तेव्हा मी उठले. फळीवर, पितळी डब्यांच्या ओळीत, बिस्किटांची फणी ठेवलेली होती. धुतलेली, पुसलेली. बाबा कोट घालता घालता तिच्यापाशी थांबले.

"ही फणी कुठली? कालची तर मोडकी होती."



"ही होय," ती बाई बन्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती. मान वर केली नाही. "ही घुशीनं आणून दिली."

"कुणी?"

"घुशीनं. पहाटे दार वाजलं. उघडून बघते तर घूस. मांजराएवढी. इस्तूनं सांगितली होती ना, तीच. मिशा काय सुरेख विंचरलेल्या! म्हणाली, बाई, आज नाताळ, चोरीचा माल घरात ठेवून मी काय तोंडानं सण करू? घ्या तुमची फणी."

बन्याचं तोंड उघडंच राहिलं. "बोलली?"

"बोलली म्हणजे! पैठणकडची असावी, बोलण्यावरून वाटलं. चहा घेता का विचारलं तर नको म्हणाली, पोरं घरी आहेत." मग तिनं शेवटचं बटण लावलं आणि म्हणाली, "आणि जाताना म्हणाली, लेकराला रागावू नका. तिनं काही केलेलं नाही. सगळं माझ्यामुळं झालं."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. फणीकडे बघितलं. मास्तर होते ते, काही न कळण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "फार सभ्य घूस आहे," आणि टोपी घालून बाहेर गेले.

"इस्तू," ती बाई हळू म्हणाली, "जरा मागं ये."

मी गेले. धुण्याच्या दगडापाशी ती उभी होती. हातांच्या नखांत अजून काळं होतं. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, चाळणीची तार लागली असणार. तिनं चोळीतून कागदाची एक पुडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"तीनच सापडले," ती म्हणाली. "बाकीचे... फार शोधले गं मी."

मी पुडी उघडली. तीन केस. लांब, काळे. कुरळे.

मी त्यातला एक बोटावर घेतला. नाकाला लावला. खोबरेल नव्हतं. जळका वास होता, तापलेल्या सळईला केस लागला की येतो तसा. आणि मी बघत असतानाच तो माझ्या बोटावर हळूहळू सुटला, लांबला, सरळ झाला. मग दुसरा. मग तिसरा.

आईचे केस मेल्यावरसुद्धा सरळ झाले नव्हते.

मी वर बघितलं. तिनं पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला होता, पण कानाजवळची एक बट बाहेर आली होती. काळी, लांब, सरळ. ती बाईही माझ्या बोटाकडेच बघत होती. तिला दिसलं होतं. मला दिसलं ते तिला दिसलं होतं. तिचे ओठ हलले, पण घूस पैठणची होती हे जिनं सांगितलं तिला आता एक शब्द सुचेना.

दुसरी घंटा झाली.

मी ते केस परत कागदात ठेवले, घडी घातली, एकदा, दोनदा. आणि म्हटलं, "हेच ते. आई, हेच ते."

ती मटकन त्या ओल्या दगडावर बसली. नाताळची नवी साडी नेसलेली तशीच. पदर तोंडात कोंबला आणि बसून राहिली. मी तिच्या शेजारी उभी राहिले. पुढच्या अंगणातून बाबा हाका मारत होते, उशीर होतोय म्हणून.

उपासनेनंतर आम्ही चहाबरोबर तो बिस्किटांचा चुरा खाल्ला. तिनं तो कालच झाडून, पाखडून, भरणीत भरून ठेवला होता. दाताखाली जमिनीची माती कचकच लागायची. बन्या म्हणाला, यंदाची बिस्किटं फार कुरकुरीत झालीत.

संक्रांतीपर्यंत आमच्या चाळणीला मोरीचा वास येत होता.

त्यानंतर ती अडतीस वर्षं जगली. दर नाताळला घूस यायची. एका वर्षी नवऱ्याला घेऊन आली, एका वर्षी केक कसा करायचा विचारायला आली, माझ्या लग्नाच्या वर्षी अहेर घेऊन आली. आधी ती सांगायची आणि मी मधे मधे भर घालायचे, मग मी सांगायला लागले आणि ती भर घालायला लागली. लोक म्हणतात माझ्या जिभेला हाड नाही. ते हाड कुणी काढलं ते आता तुम्हाला कळलं. पुडी माझ्या बायबलात आहे, रूथच्या पुस्तकात. केस सरळच आहेत.

शेवटच्या दिवसांत ती माझ्याकडे होती. केस विरळ झाले होते, पांढरे, मऊ. रोज सकाळी मी विंचरायचे, त्याच फणीनं, दोन दात नसलेल्या. एक दिवस ती डोळे मिटूनच म्हणाली, "इस्तू, घूस येऊन गेली का गं यंदा?"

"येईल," मी म्हटलं. "अजून आठवडा आहे नाताळाला."

"आली की सांग मला."

"सांगते."

ती वाट बघत राहिली. घुशीची नव्हे, ते मला कळत होतं. मी तोंड उघडलं. आणि म्हटलं, "पाणी देऊ का?"

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. चौथ्या दिवशी गेली.

तर आता केक बसायचा असेल तर बसू दे. एक शब्द मी खोटा सांगितला. धुण्याच्या दगडापाशी मी "हेच ते" म्हटलं, तेवढंच म्हटलं. तिला तेवढ्यानंच दगडावर बसवलं. पुढचा शब्द मी नाही म्हटला. त्या दिवशी नाही आणि अडतीस वर्षांत नाही. "ऐकलंत का" म्हणायचे, "अहो" म्हणायचे, पोरं झाल्यावर "आजी" म्हणायचे. तो शब्द मी नंतर घातला, ती गेल्यावर, पहिल्यांदा ही गोष्ट सांगायला बसले तेव्हा. तिथं जागा होती त्याला.

बाकी सगळं खरं आहे. घूससुद्धा.